भावाच्या बोटीला जामीन

ओडेसा प्रुइट आणि मी पोर्ट्समथच्या गोदीत एकाच पाळीला. ती पाणबुड्यांच्या आतली वायरिंग करायची. त्या कामाला सरकारचा क्लिअरन्स लागतो. हा माणूस गुप्त गोष्टी बाहेर फोडणार नाही, अशी सरकारची खात्री. तो गेला की कामही गेलं.

तिचा धाकटा भाऊ वेंडेल खाडीत खेकडे धरायचा. त्याने मोठी बोट घेतली तेव्हा कर्जाला जामीन राहिली ओडेसा. पुढच्याच वर्षी वादळात बोट धक्क्यावर आपटून फुटली. विमावाल्यांनी हात वर केले, वेंडेलचे हप्ते थकले आणि बँक ओडेसाच्या मागे लागली. तिने फोन उचलणंच सोडून दिलं. बघू, बघू म्हणता वर्ष गेलं.

आणि नेमकी क्लिअरन्सची फेरतपासणी आली. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी काहीही विकेल, ही सरकारची भीती. निकाल लागेपर्यंत तिला पाणबुडीवर पाय ठेवायला बंदी झाली. हातमोजे आणि चष्मे वाटायच्या खिडकीत तिला बसवलं.

"काय बाई, पाणबुडी कितीला काढलीस?" टायरेल वेल्डर रोज विचारायचा.

"तुला परवडायची नाही. चल, पुढे हो!" मोजे त्याच्या छातीवर फेकत ती म्हणायची. हसायचीही. पण तो वळला की तिचा चेहरा पडायचा.

एका संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर कोळंबी सोलत बसलो होतो. वेंडेल आला आणि पायरीवरच टेकला.

"डेस, जामिनाची ती सही तुझी नव्हतीच म्हणून सांग. मीच तुझ्या नावाने ठोकली, असं म्हण. मी कबूल करतो सगळं."

"आणि तू आत गेल्यावर तुझ्या पोरींना कोण बघणार?"

"काढीन काही महिने आत. तुझी नोकरी तर वाचेल!"

"अरे गाढवा, मी खोटी आहे की खरी, हेच तर ते तपासतायत. आणि तू म्हणतोस, तिथेच जाऊन खोटं बोल!"

वेंडेल मान खाली घालून रडायला लागला. तिने कोळंबीचे हात ॲप्रनला पुसले आणि त्याला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून बँकेला फोन लावला. हप्ते ठरवूनच तिने फोन ठेवला. वेंडेलने आपला ट्रक विकला आणि दुसऱ्यांच्या बोटी घासायचं काम धरलं. शुक्रवारी चर्चच्या स्वयंपाकघरात ओडेसा मासे तळून ताटं विकायला लागली. माझ्या केसांना महिनोन्महिने तेलाचा वास होता.

क्लिअरन्सच्या सुनावणीला मी तिची साक्षीदार म्हणून गेले. वकील करण्याची तिची ऐपत नव्हती. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वर्षभर फोन का उचलला नाहीत?"

"लाज वाटत होती, बाई. चुकलं माझं."

मग सरकारी वकील उठला. "कोणी पैसे दाखवून पाणबुडीची माहिती मागितली तर?"

"साहेब, पैशांची नड होती तेव्हा मी मासे तळले. नड अजून आहे, मी अजून तळतेय."

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. बाहेर येताना ओडेसा म्हणाली, "संपलं गं. मी जास्तच बोलले."

पण काही आठवड्यांनी गोदीतला आमचा साहेब स्वतः खिडकीशी आला. "उठ. उद्यापासून मोजे दुसरं कोणी वाटेल." निकालात म्हटलं होतं, कर्ज वादळामुळे थकलं, बाईने ते लपवलं नाही आणि ती इमानाने फेडते आहे, म्हणून क्लिअरन्स कायम. ओडेसाला उठताच येईना. टायरेलने आत जाऊन तिला हाताला धरून उभं केलं, आणि या वेळी त्याला काही चेष्टा सुचली नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना तिची मान माझ्या खांद्यावर कलंडली. चांगली घोरायला लागली. पाद्रीबाबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, आवाज थोडा खाली आणला आणि पुढे बोलत राहिले.