मुलगा पाण्यात, देव पाण्यात

मी काही फार देवभोळी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. ठाण्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर मदतनीस होते. "हे असं का?" असं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. सासूबाई संकटात देव पाण्यात ठेवायच्या. मनातली गोष्ट होईपर्यंत बाळकृष्णाची मूर्ती पाण्यात बुडवायची, तोवर बाहेर काढायची नाही. मी म्हणायचे, "अहो, त्याने तुमचं काय घोडं मारलंय? त्याला कशाला गुदमरवताय?" त्या हसून पाण्यात तुळशीचं पान सोडायच्या.

माझा मुलगा नीलेश सर्व्हेअर आहे. कल्याणच्या पुढे पाणी आणण्यासाठी डोंगरातून एक बोगदा खणतायत, तिथे त्याचं काम. एका दुपारी त्या बोगद्याचं छत कोसळलं आणि नीलेश धरून सहा माणसं ढिगाऱ्यापलीकडे अडकली. हवेचा पाइप चेपला गेलेला, आतून हाक नाही की आवाज नाही, आणि डोंगरातलं पाणी आत साठत चाललेलं. सून पल्लवीचा फोन आला आणि मी काय केलं असेल? ठाकुर्लीच्या माझ्या दोन खोल्यांत, ज्या गोष्टीला जन्मभर नावं ठेवली तीच केली. पण देव घरी ठेवून जायचं तर लक्ष कोण देणार? म्हणून फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, पाणी भरलं, बाळकृष्णाला आत सोडलं आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. खड्डा आला की आत टिणटिण वाजायचं आणि मी डबा आणखी घट्ट धरायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही नातेवाईक बोगद्याच्या तोंडाशी घातलेल्या मांडवात बसून होतो. ढिगारा उपसला की वरून आणखी खाली यायचा. माझ्या प्रश्नांना कंटाळून पल्लवी दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. इंजिनिअर साहेब दिसले की मी उठायचे: पाणी तासाला किती चढतं, पंप आत का नेत नाहीत, आवाज पोचतो का? शेवटी ते हात जोडून म्हणाले, "आई, मला काम करू द्या." त्यांचंही बरोबरच होतं. पण प्रश्न थांबले की मला आत उभं असलेलं माझं लेकरू दिसायचं, त्याला मी काय करू?

खालच्या गावातली एक म्हातारी मावशी आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आवाज खणखणीत. तिने माझ्या मांडीकडे बोट केलं. "डब्यान काय हाय गो?"

मी सांगितलं. ती बघतच राहिली. "पोर पान्यान नि देव बी पान्यान? मंग पोराला वर कोन कारील? कार त्याला भायेर!"

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. नवस मोडायची भीती वाटत होती, पण तिचं म्हणणं मनाला पटलं. मी झाकण उघडून त्याला बाहेर घेतलं आणि पदराने पुसलं. आता ते पाणी पायदळी कसं ओतायचं? मावशी म्हणाली, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आमची गावदेवी आहे, तिथे ओत. तिथला झरा बोगदा खणायला लागल्यापासून आटलाय, तेवढंच देवीला पाणी. पल्लवीला सांगून मी तिच्या मागे चढले.

वर पोचलो तर झरा वाहत होता. मावशीने आधी देवीला हात जोडले. मी मात्र सवयीने ओंजळीत पाणी घेतलं. गढूळ, राखाडी, बोटांना दगडाचं पीठ लागत होतं आणि वास सरळ डिझेलचा. डोंगराला डिझेल कुठून येणार? डबा देवीपुढे रिता केला, झऱ्याच्या पाण्याने भरला आणि त्या उतारावरून मी कशी धावले ते माझे गुडघेच जाणोत.

साहेब आधी वैतागले. मग डब्यातल्या पाण्याचा वास घेतला आणि ते बोटांवर चोळून बघितलं. म्हणाले, "हे बोगद्यातलंच पाणी आहे. बाहेर पडतंय, म्हणजे आत भरणार नाही. आणि दगडातली भेग त्या झऱ्यापासून आतपर्यंत गेलेली आहे." तिथून बोगदा सगळ्यात जवळ होता. त्यांनी भोक पाडायचं यंत्र तिकडे नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मनगटाएवढं भोक आरपार गेलं आणि आतून आवाज आला, "सहाच्या सहा आहोत!" पल्लवीने मला मिठी मारली. मग त्याच बाजूने वाट रुंद करून एकेकाला बाहेर काढलं.

घरी आल्यावर नीलेशला मी हे सगळं रंगवून सांगितलं: मावशी काय बोलली, भर दुपारी देव बाहेर कसा काढला आणि लगेच झरा कसा लागला. त्याने बोटांवर तास मोजले. म्हणाला, "आई, पाणी रात्रभर चढत कमरेच्या वर आलेलं. पण त्या दिवशी सकाळी आठलाच ते उतरायला लागलं. मी घड्याळ बघितलेलं."

सकाळी आठला देव डब्यातच होता, आणि मी इंजिनिअर साहेबांचं डोकं खात होते. म्हणजे मी देवाला बुडवलं म्हणून नाही आणि बाहेर काढलं म्हणूनही नाही. मी काय करते याची वाट बघत तो थांबलाच नव्हता. तो केव्हाचा माझ्या पोरापाशी जाऊन पोचला होता, आणि मला आपली काळजी की त्याला घरी एकटं कसं ठेवू.