वेगळा ग्लास

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "कापूस जिथे लागेल तिथे बोट ठेवा." मी वाट पाहत राहिले. शेवटी विचारलं, "सुरुवात कधी करणार?"

"बाई, झालंसुद्धा," ते म्हणाले.

कोपराखालच्या फिकट चट्ट्यावर त्यांनी कापूस टेकवला होता. मला कळलंच नव्हतं.

रूथ, समीर, माझ्या नातवंडांनो, ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. तुमचे बाबा नागपूरला शिकत होते आणि मी आर्वीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मला कुष्ठरोग झाला होता. यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून सांगते.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यांनी काचेवर रस घेतला. निकालासाठी पुन्हा वर्ध्याची एसटी, पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसणं. काचेवर जंतू सापडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "प्रकार ट्युबरक्युलॉइड आहे. म्हणजे तुमच्या शरीराने रोगाला जागच्या जागी अडवलंय. तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. शाळेत जा, चर्चला जा. फक्त डॅप्सोनची गोळी चुकवू नका." कोपरामागची नस जाड झाली होती, म्हणून कोमट मेणात हात बुडवून बोटं सरळ करण्याचा व्यायाम दिला.

शाळेने डॉक्टरांची चिठ्ठी वाचून विषय मिटवला. चर्चने मिटवला नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाला भाकरीनंतर पाळक द्राक्षरस देतात आणि सगळे एकाच प्याल्यातून पितात. प्रभुभोजनाच्या रविवारआधी चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणारे याकोबभाऊ आणि त्यांची बायको सुशीलाबाई घरी आले. सुशीलाबाईंनी पिशवीतून स्टीलचा छोटा, नवाकोरा ग्लास काढला.

"तुमच्यासाठी आणला बाई. पाळकसाहेब यात वेगळं देतीन."

"डॉक्टर म्हणतात, माझ्यापासून लागत नाही."

"आमाले मान्य हाय जी. पण लोकाइचं काय? राग काऊन येते तुमाले? तुमच्यासाठीच तं करून राह्यलो."

"सुशीलाबाई, तुमच्या सासऱ्यांना गावातल्या हॉटेलात चहा कशात मिळायचा?"

याकोबभाऊ खुर्चीवरून उठले. त्यांच्या वडिलांची कपबशी हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली असायची आणि धुवायचीही त्यांनीच. हे याकोबभाऊंनीच आम्हाला सांगितलं होतं. ग्लास टेबलावर ठेवून दोघं निघून गेले.

त्या आठवड्यात मी बरं होण्यासाठी प्रार्थना केली नाही. त्यासाठी गोळी होती. मी देवाकडे शहाणपण मागितलं. माझा हट्ट कोणता आणि त्याची इच्छा कोणती, हे मला कळत नव्हतं. आकाशातून आवाज वगैरे काही आला नाही. मेणातून हात काढून करंगळी सरळ करताना एवढंच स्पष्ट झालं: मी वेगळा ग्लास घेतला, तर ज्याच्या अंगावर चट्टा असेल तो भीतीने बाही खाली ओढेल, डॉक्टरकडे जाणार नाही आणि बोटं गमावून बसेल. तुम्हीही शहाणपण मागाल, तेव्हा ते सोयीचं निघेल अशी आशा ठेवू नका.

तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू पे. तुह्या मांगून मी पेतो. मंग पाहू कोन काय म्हन्ते."

रविवारी आम्ही वेदीसमोरच्या कठड्यापाशी नेहमीच्या जागी गुडघे टेकले. पाळकसाहेब प्याला घेऊन माझ्यासमोर थांबले. हळूच म्हणाले, "बाई, ग्लास आणलात?"

"नाही. याच प्याल्यातून द्या." मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलले मी.

त्यांनी प्याला माझ्या ओठांना लावला. मग तुमचे आजोबा प्यायले. शेजारची माणसं एकेक करून उठून गेली. सुशीलाबाईही गेल्या. याकोबभाऊ मात्र गुडघ्यांवरच राहिले आणि प्यायले.

औषध बरीच वर्षं चाललं. रोग गेला, चट्ट्याची संवेदना परत आली नाही. त्या गोळीसाठी मी देवाचे आभार मानते, आणि त्या दिवशी माझे गुडघे जागचे हलले नाहीत यासाठी जास्त.

त्या रविवारनंतर काही महिन्यांनी मंडळीतल्या एका घरच्या तरुण सुनेने मला चर्चच्या फाटकापाशी गाठलं आणि बाही वर केली. "बाई, इथं टोचलं तं समजत नाई. कोनाले सांगू नका."

"नाही सांगत. पण उद्या सकाळच्या वर्ध्याच्या गाडीला ये. मी स्टँडवर असते."

ती आली.