पापुद्राताईंचा तुकडा

हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे खिडकी म्हणून नव्हतीच, तिथे पापुद्राताईंनी सव्वीस वर्षं काढली. वरच्या मजल्यांवर पेशंटच्या अंगातून काढलेले तुकडे तपासायला खाली यायचे. ताई ते मेणाच्या ठोकळ्यात बसवायच्या, यंत्राच्या पात्यावर कांद्याच्या सालीहून पातळ काप काढायच्या आणि कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर उचलायच्या. हात असा, की खरं नाव कधीच मागे पडलं.

त्या वर्षी त्यांचं वजन उतरलं. आधी तर त्या खूशच होत्या. जेवण चार घासांवर आलं तेव्हाही त्यांनी ते अंगावर काढलं. शेवटी नवऱ्यानं, तो सुतार माणूस, हातातलं काम टाकलं आणि त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. घशातून नळी घालून जठरातले सहा तुकडे काढले. तिळाएवढे.

आता हॉस्पिटलातले तुकडे जाणार कुठे? खालीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचा वाचून निदान लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"ताई, आज घरी जा. तुमचे तुकडे आलेत. मी बाहेरच्या लॅबला पाठवते."

"तिकडचे हात जड. निम्मा तुकडा पात्यावरच उडवतील," ताई म्हणाल्या. "मीच कापते."

आणि त्यांनी कापले. हात हलला नाही. काच रंगवून त्यांनी बाईंसमोर ठेवली. चांगली बातमी असली की बाई काच पटकन ट्रेमध्ये सरकवायच्या. ही काच त्यांनी सरकवली नाही. ताईंना विचारायची गरजच उरली नाही.

स्कॅनमध्ये कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला दिसला, म्हणजे ऑपरेशनचा प्रश्नच मिटला. कोणतं औषध चालेल हे ठरवायला आणखी एक खास रंग द्यायचा होता. तोही ताईंनीच दिला. मग दोघींना एकाच वेळी बघता येईल अशा दुहेरी मायक्रोस्कोपला त्या समोरासमोर बसल्या.

"काठावरचे गोल निळे ठिपके दिसतात? त्या तुमच्या लढणाऱ्या पेशी."

"ढिगानं आहेत की! मग आत का शिरत नाहीत?"

"गाठ तुमच्याच पेशींची आहे, बाहेरून आलेली नाही. त्यामुळे आधी ती ओळखूच येत नाही. ओळखून चालून आल्या, की गाठ अंगावर एक प्रथिन काढते. हा तपकिरी रंग त्याचाच. लढणाऱ्या पेशीवर थांबायची एक कळ असते. शरीरानंच ठेवलेली, नाहीतर त्या आपल्यालाच खातील. हे प्रथिन तीच कळ दाबून धरतं."

"म्हणजे येतात आणि नुसत्या उभ्या राहतात?"

"आणि उभ्या राहून थकतात. काहींना तर गाठ फितवते आणि आपल्याच राखणीला बसवते."

हा तपकिरी रंग ताईंनी शेकडो काचांवर चढवला होता. तो काय सांगतो, हे एकदाही विचारलं नव्हतं. इतर पेशंट निदान "काही नाही ना, डॉक्टर?" असं तरी विचारतात. ताईंना तेवढीही सोय उरली नव्हती; सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघून झालं होतं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय गं, पोटात लढायला कोणी आहे की नाही?"

"आहेत हो भरपूर. पण सगळे कचेरीतल्या रांगेत उभे राहिल्यासारखे. हलतच नाहीत."

तो हसला, आणि हसता हसताच आतल्या खोलीत निघून गेला.

केमोबरोबर दुसरं औषध सुरू झालं. ते ती कळ दाबू देत नाही. दर तीन आठवड्यांनी त्याच खुर्चीत, हाताला सलाईन लावून. चार महिन्यांनी स्कॅन केला तर गाठ निम्मी! नवऱ्यानं फोन करकरून साऱ्या नातेवाइकांचे कान किटवले.

पण मोकळ्या सुटलेल्या पेशी गाठीपाशी थांबल्या नाहीत. त्या आतड्यावर तुटून पडल्या. दिवसातून बारा-बारा वेळा जुलाब. बाथरूमच्या चार भिंती हेच ताईंचं घर झालं. औषध थांबवावं लागलं, आणि त्याच पेशींना पुन्हा दाबायला स्टिरॉइड सुरू झालं.

एका दुपारी त्या दाराआडून ओरडल्या, "अहो, त्यांना सोडलं तर त्या मला खातात, धरून ठेवलं तर गाठ खाते! मी जाऊ तरी कुठं?"

बाहेर नवरा स्टूल टाकून बसला होता.

"कुठं जाऊ नकोस," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

आतडं शांत व्हायला दोन महिने लागले. ते औषध पुन्हा द्यायची डॉक्टरांची छाती झाली नाही. आता एकट्या केमोवर गाठ तेवढीच आहे. वाढत नाही, जात नाही. असं किती दिवस चालेल, हे कोणीच सांगत नाही.

ताई अर्धा दिवस कामावर येतात. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी इतर पेशंटच्या जठराचे ठोकळे हळूच बाजूला ठेवले होते. ताईंनी ते मागून घेतले. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. त्याआधीचा आठवडा त्या कोणाशी बोलत नाहीत, आणि तळघरात तेव्हा त्यांना कोणी हाकही मारत नाही.