आत्याचं विमान जुन्यावर

आत्या पडदे शिवायची. तिच्या गावातल्या निम्म्या खिडक्या तिच्या हातच्या, म्हणून सगळे तिला ‘पडदेवाली’च म्हणत. वर्षातून एकदा ती आमच्याकडे, म्हणजे तिच्या दादाकडे, विमानाने यायची. आमच्या शहराला विमानतळ तीन. नदीकाठचा जुना, पलीकडच्या टोकाचा मोठा आणि स्वस्त विमानांचा तिसरा. तो इतका लांब, की विमानापेक्षा पुढची बसच जास्त वेळ खायची.

आत्या जुन्यावरच उतरायची. तिथे शिडीवरून खाली यायचं, चालत आत यायचं, आणि काचेमागे बाबा, त्यांचं बोट धरून मी. आत्या लांबूनच गालांना हात लावून ‘वाळलास’ अशी खूण करायची. बाबा उलट तिच्याकडे बघून गाल फुगवायचे. मग दोघं कॅन्टीनमध्ये चहाला बसत ते उठायचं नावच घेत नसत. घरी आई वाट बघून कंटाळायची.

पुढे जुन्यावर विमानं कमी झाली. आत्याला मध्येच विमान बदलावं लागे.

“वन्सं, मोठ्यावर उतरा की. थेट विमान आहे,” आई म्हणायची.

“मोठ्यावर मी दादाला कुठे शोधत बसू?”

गुडघे कुरकुरू लागले तेव्हा कुठे तिने ऐकलं. बाबांना आईने दहादा बजावलं. तरी त्या दिवशी ते सवयीने जुन्यावरच गेले. तेव्हा मोबाईल नव्हते. आधी आत्याचा घरी फोन आला, “वहिनी, दादा आलाच नाही.” पाठोपाठ बाबांचा, “अगं, ही आलीच नाही!” आईने दोघांनाही निक्षून सांगितलं, आहात तिथेच थांबा. पण भावंडं एका माळेचे मणी. आत्या बस पकडून जुन्यावर निघाली आणि बाबा टॅक्सीने मोठ्यावर.

मोठ्यावर ती दिसेना, तेव्हा बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते उलट्या पावली परतले. आत्या कॅन्टीनमध्ये नेहमीच्या टेबलाशी, पडद्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. समोर दोन चहा.

“दोन कशाला मागवलेस?”

“तू येणारच होतास. पण गारढोण झाला बघ.”

बाबांनी तो तसाच पिऊन टाकला. दोघं हसत घरी आले. आईने मात्र ताटं आदळतच जेवायला वाढलं.

बाबा गेले त्या वर्षी आत्या आली नाही. पुढच्या वर्षी तिचा मला फोन आला. “तुला कुठला सोयीचा गं?” असं तिने कधीच कुणाला विचारलं नव्हतं. माझं घर मोठ्याजवळ, तसं मी सांगितलं. ती चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर आली आणि माझ्या गालांवरून हात फिरवत खिडक्यांची मापं विचारू लागली.

गाडीत मी तिला सांगितलं, जुना आता प्रवाशांसाठी बंद झालाय.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तिथे एकटीनं उतरणं मला झेपलं नसतं.”