निलंग्याच्या ताईंचा वेग

लातूरच्या त्या इमारतीत मी एकटाच बाप होतो. बाकी सगळ्या खोल्यांमध्ये आया. पोरींना डॉक्टर करायचं म्हणून बीड, परभणी, नांदेडहून आलेल्या आणि भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करत दिवस काढणाऱ्या. आमच्या घरात नोकरी बायकोची. ती हिमायतनगरला सरकारी दवाखान्यात नर्स. माझा नांदेडचा फोटो स्टुडिओ तसाही लग्नसराईपुरताच उरला होता. त्यामुळे लेकीसोबत लातूरला कुणी जायचं यावर घरात फार चर्चा झालीच नाही. कुकर, मिक्सर आणि दोन गाद्या घेऊन मी निघालो.

स्वयंपाकाचं जमलं, बसण्याचं जमेना. लेक शिकवणीहून येऊन पुस्तकात डोकं घालायची आणि मी त्या एका खोलीत दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचो. नीट लावलेले डबे काढून परत लावायचो. मध्येच विचारायचो, "झालं का गं ते प्रकरण?"

एक दिवस तिनं पेन खाली ठेवलं. "पप्पा, तुम्ही असे फिरून राहिले तर मी वाचू कशी? पहाटे कुठं तरी जात जा ना."

दुसऱ्या दिवशी मी पळायला गेलो. रागानंच गेलो म्हणा.

पण पळणं मला आवडलं. तिथं कुणी बस म्हणत नव्हतं. महिनाभरात मी नांदेडच्या हाफ मॅरेथॉनला नावही नोंदवून टाकलं. एकवीस किलोमीटर. पळणाऱ्या एका मित्रानं फोनवर सांगितलं, "आठवड्यातून एकदा लांब पळ, पण हळू. पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतकं हळू." मी हो हो म्हणालो. हळू पळणं मला येतच नव्हतं. गेटातून जो सुटायचो तो औसा रोडला लागेपर्यंत छातीचा भाता व्हायचा, आणि थोडं पुढं गेलो की रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून उभा. मोबाइलमधलं ॲप दर किलोमीटरला वेग सांगायचं. कालच्यापेक्षा कमी भरला की दिवसभर कशात मन लागायचं नाही. भाजीत दोनदा मीठ पडायचं.

आमच्या वरच्या मजल्यावर निलंग्याच्या एक ताई राहायच्या. नवरा तिकडं आडतीवर मुनीम, लेक माझ्या लेकीच्याच वर्गात. माहेर कर्नाटकातलं, म्हणून बोलता बोलता एखादा कानडी शब्द निसटायचा. पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा स्वेटर घालून त्या पहाटे मैदानावर चालायच्या. एकदा जिन्यातच त्यांनी मला थांबवलं.

"भाऊ, ते एकवीस किलोमीटर बायांना बी हाय का?"

"आहे की."

"मग माझं बी नाव टाका. पण मला किती जोरात पळावं ते कळंना. तुम्ही सोबत पळा, म्हंजी अंदाज येईल."

मी टाळत राहिलो. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "पळा की त्यांच्यासोबत. तुमची घाई तरी जरा कमी होईल."

मग आम्ही दोघं निघायला लागलो. सुरुवातीला इमारतीतल्या बाया गॅलरीत येऊन बघायच्या. ताईंनी त्यातल्या दोघींना ओढून मैदानावर चालायला लावलं, तेव्हा ते बघणं थांबलं.

ताईंचा वेग म्हणजे कॅन लावलेली सायकल घेऊन दूधवाला चढ चढतो तसा. माझे पाय नुसते शिवशिवायचे. मी सुटायचो, दोन खांब पुढं जायचो, वळून त्यांच्यापर्यंत यायचो, की पुन्हा पुढं. त्या मात्र एकाच लयीत, तोंडानं काही ना काही सांगत. एक दिवस भर रस्त्यात त्या थांबल्या.

"साकु, भाऊ, साकु. बास करा. तुम्ही असं पुढं जाता, मागं येता, मला बघूनच दम लागतो. सोबत राहायचं तर राहा, न्हाई तर जावा पुढं. मी येते माझी माझी."

मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून पळायचं ठरवलं. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काय अवघड असं वाटेल. माझं मात्र दात आवळून जबडा दुखायचा. उसाच्या जोड ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी वाजवत आम्हाला मागं टाकून जायचे. कानटोपी घातलेले एक आजोबा चालता चालता आमच्याशी गप्पा मारायचे, आणि तेही पुढं जायचे. तरी त्या वेगानं पळालो की घरी आल्यावर पाय दुखायचे नाहीत, आणि हळूहळू आम्ही पूर्वीच्या दुप्पट अंतर जायला लागलो. मी शांत झालो असं मात्र नाही. आतलं सगळं तसंच धावत होतं, फक्त पाय ताईंच्या ताब्यात होते.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही जीपनं औश्याला गेलो. तिथून किल्लारीच्या रस्त्यानं पळत जायचं आणि परत फिरायचं असं ठरलं होतं. अर्ध्या वाटेत खिशातला मोबाइल थरथरला. शिकवणीच्या चाचणीचे गुण आले होते. लेकीचे मागच्या खेपेपेक्षा बरेच खाली. मी मोबाइल परत खिशात कोंबला. पण पाय आपोआप सुटले. काय पळालो, किती पळालो, मला माहीत नाही. तुरीची रानं नुसती बाजूनं सरकत होती. आणि अचानक पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलोच.

बऱ्याच वेळानं ताई आल्या, त्यांच्याच चालीनं. मी मोबाइल पुढं केला. त्यांनी बघितलं आणि माझ्या शेजारी मातीत बसल्या.

"माझ्या पोरीचे न्हाई येणार," त्या म्हणाल्या. "ती पेपरला बसलीच न्हाई. काल बॅग भरली तिनं. म्हणली, आई, मला हे न्हाई जमत, मला घरी ने."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. म्हणून पळायला आले."

एवढं म्हणून त्या तिथंच रडल्या. किल्लारीकडून एक जीप आली, तिला मी हात केला. मागं कांद्याच्या पोत्यांवर बसून आम्ही औश्याला आलो.

खोलीवर लंगडत पोचलो तर लेक दारातच उभी. "गुण बघितले?"

"बघितले."

"मग विचारा ना."

"पायात गोळा आलाय. आधी पाणी गरम कर."

तिनं पाणी केलं, पाय शेकला. मग खाली मान घालून म्हणाली, "मी रोज वरून बघते पप्पा. ताई सोबत नसल्या की तुम्ही गेटातूनच पळत सुटता."

त्याच आठवड्यात ताई सामान आवरून निलंग्याला गेल्या. मी एकटा पडलो. त्यांच्या वेगानं पळायचं म्हणून मी मोठमोठ्यानं बोलत पळायला लागलो. आज वांगं करावं का, गॅस कधी संपंल, असं काहीबाही. दूधवाला वळून वळून बघायचा. काही दिवस जमायचं, काही दिवस नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ताई लेकीला घेऊन एसटीनं नांदेडला आमच्या घरी उतरल्या. तिकडं त्या एकट्या पळत होत्या म्हणे. सकाळी आम्ही सोबत सुरुवात केली. गर्दी आमच्या बाजूनं पाण्यासारखी वाहत होती, तरी मी धरून राहिलो. गोदावरीच्या पुलावर गार वारा होता, पलीकडं ढोल वाजत होता, आणि माझ्या गल्लीतल्या कुणीतरी मला हाक मारली. तेवढं पुरलं. मी निघालो. ताईंनी थांबवलं नाही.

शेवटचे पाच किलोमीटर उरले असताना तीच पोटरी पुन्हा धरली. मी चालायला लागलो. मागून ओळखीची पावलं आली.

"या भाऊ," ताई म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत.

मी त्यांच्यासोबत थोडं पळालो. मग म्हणालो, "ताई, तुम्ही जावा."

त्या गेल्या. एकदाही वळून बघितलं नाही, याचं मला बरं वाटलं आणि वाईटही.

मी पोचलो तेव्हा ताई गळ्यात पदक घालून उभ्या होत्या. माझी बायको फुटपाथवर बसलेली, शेजारी ताईंची लेक. ती पोरगी आल्यापासून गप्प गप्पच होती. आता हळूच विचारत होती, "मावशी, नर्सिंगला काय लागतं? रक्त बघून भीती नाही वाटत?"

"वाटते की," बायको म्हणाली. "मला तर पहिल्या दिवशी चक्कर आली होती." आणि ती सांगत गेली, अगदी सावकाश. ताईंनी खाली वाकून बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली. कान तिकडंच होते.

मला तिथं बसवेना. लेकीचा सोमवारी पेपर होता, आणि ती लातूरला एकटी होती. अंघोळ करून मी तसाच स्टँडवर आलो. लातूरची गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. मी खिडकीजवळ रुमाल टाकून जागा धरली आणि पुन्हा खाली उतरलो.