मुलगी उजव्या कोपऱ्यात आहे

फोटोत माणूस मधोमध उभा करायचा नसतो, ही गोष्ट मला पन्नाशीनंतर कळली. तोपर्यंत माझं आणि आमच्या नातेवाइकांचं बरं चाललं होतं.

शहापुरात मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, पडद्यांना झालर. कॅमेऱ्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. आमच्या चिरंजीवांनी नोकरी लागल्यावर हौसेने मोठा कॅमेरा घेतला, माहुलीच्या डोंगराचे पाच-पन्नास फोटो काढले आणि पुण्याला जाताना तो माझ्या मशीनशेजारी ठेवून गेले. एवढी महागाची वस्तू नुसती पडून आहे, हे मला बघवेना. (मी उरलेल्या अस्तराचीसुद्धा पायपुसणी करते.) मग मीच शिकायला घेतलं.

गुरू मोबाईलमध्ये होते. दाढीवाले, शांत गृहस्थ. ते सांगायचे, फ्रेमचे मनातल्या मनात तीन उभे आणि तीन आडवे भाग करा आणि माणसाला कडेच्या रेघेवर ठेवा. त्याच्या समोर रिकामी जागा सोडा. रस्ता, कुंपण, ओढा अशी एखादी रेषा शोधा, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्या रेषेवरून चालत जाते. इथवर ठीक होतं, कापड बेतण्यासारखंच. पण पुढे ते भोकावर आले. कॅमेऱ्याला आत एक भोक असतं. आकडा लहान तर भोक मोठं आणि आकडा मोठा तर भोक लहान! मी जन्मभर काजं केली. या हिशेबाने केली असती, तर गिऱ्हाइकांनी मला शहापुरात राहू दिलं नसतं. मोठ्या भोकाने मागचं सगळं धूसर होतं आणि लहान भोकाने सगळं लख्ख दिसतं. की उलटं? मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. पण कॅलेंडर घरात आणि फोटो बाहेर, त्यामुळे त्याचा उपयोग फार झाला नाही.

पहिले बळी अर्थातच हे. यांना मी दिवसभर फ्रेमच्या कडेला बसवायची. चहा पिताना कडेला, दाढी करताना कडेला, पेपर वाचताना तर इतके कडेला की नुसता पेपरच आला. एकदा यांनी फोटो बघून शांतपणे विचारलं, "यात मी येतोय की जातोय?" मी सांगितलं की ही तुमच्यासमोरची रिकामी जागा बोलते. हे म्हणाले, मग जेवायला तिलाच वाढ.

अशात आमची प्रणाली आली. प्रणाली म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेची, सुमनताईंची, एकुलती एक मुलगी. सुमनताईंचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, आत. पोरगी मुरबाडला एका दवाखान्यात नर्स आहे. ब्लाउजचं माप द्यायला म्हणून आली आणि टेप खांद्यावर असतानाच रडायला लागली. मुरबाडलाच औषधांच्या दुकानात काम करणारा किरण नावाचा मुलगा तिला आवडत होता, त्यालाही ती आवडत होती, आणि घरी सांगायची दोघांचीही छाती नव्हती. किरणचं घर आटगावचं, वडील कडक. तेव्हा दोघांनी मिळून एका मध्यस्थाला गाठून हे स्थळ जणू आकाशातून पडल्यासारखं दोन्ही घरी सुचवलं होतं. सगळं जमत आलं होतं. फक्त किरणच्या वडिलांनी सांगितलं होतं की मुलीचा फोटो बघितल्याशिवाय पाऊल उचलणार नाही.

"मामी, फक्त तुला सांगितलंय गो," ती म्हणाली. "फोटो चांगला आला पायजे. हे मोडला तर परत नाय जमणार."

मला भरून आलं. तिचा विचार मुरबाडच्या स्टुडिओत जायचा होता, तिथे पाठीमागे धबधब्याचा पडदा लावतात. मी म्हटलं, मामी जिवंत असताना तू पडद्यासमोर उभी राहणार?

दसऱ्याच्या सुमारास मी कॅमेरा घेऊन सुमनताईंकडे थडकले. भात पिवळं झालं होतं, उन्हं कलली होती. सुमनताईंची इच्छा होती की प्रणालीने नव्या फ्रिजला टेकून उभं राहावं. मी तिला साडी नेसवून थेट बांधावर नेलं. काय बांध होता! शेताच्या मधोमध सरळ गेलेला, मोबाईलवाल्या गुरूंनी बघितला असता तर नमस्कार केला असता. प्रणालीला उजव्या कडेच्या रेघेवर उभं केलं, समोर शेतभर रिकामी जागा सोडली आणि मागचं धूसर करायला आकडा फिरवला. कुठल्या बाजूला फिरवायचा याचा जरा विचार केला आणि फिरवला.

घरी येऊन फोटो मोठा करून बघितला. बांध पिवळ्या भातातून डौलात गेला होता. मागे शेजारच्या काशिनाथचा निळा दुमजली बंगला उभा होता, आणि तो इतका लख्ख की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरचे मोर दिसत होते. दारात ट्रॅक्टर, गोठ्यात म्हशी. प्रणाली उजव्या कोपऱ्यात होती. उन्हाकडे पाठ असल्यामुळे जरा सावळी आली होती, पण नीट बघितलं तर कळत होतं.

सुमनताईंनी नीट बघितलं. "यात पोरगी कुठं हाय गो?"

मी म्हटलं, ताई, नजर आपोआप जाते.

"माझी त्या काशिनाथच्या म्हशीकडं जाते."

हे बोलणं जरा लागलं, कारण काशिनाथच्या म्हशीवरून त्या घरात विनोद चालत नसे. फार मागे त्याच्या एका म्हशीने सुमनताईंकडचं भाताचं सगळं रोप खाल्लं होतं, ऐन लावणीच्या तोंडावर. तेव्हापासून भाऊजी, म्हणजे सुमनताईंचे यजमान, आणि काशिनाथ एकमेकांशी बोलत नव्हते. मधल्या काळात काशिनाथने बंगला बांधला आणि भाऊजींनी त्या बाजूची खिडकी बुजवली.

तरी फोटो गेला. दुसरा काढायला वेळ नव्हता आणि माझी समजूत काढायलाही. आणि नवल म्हणजे लगेच निरोप आला, फोटो फार पसंत पडला, दिवाळी झाली की बघायला येतो! मी महिनाभर शहापुरात छाती काढून फिरले. बाजारात दोघी-तिघींना कंपोझिशन म्हणजे काय तेही समजावलं.

बघण्याच्या दिवशी आम्ही सकाळीच सुमनताईंकडे पोचलो. पोहे झाले, नारळ खवून झाला, प्रणाली आत नटून बसली. ओटीवरून भाऊजींना वळणावर जीप दिसली. सगळे पदर-बिदर सावरून उभे राहिले. जीप आमच्या दारासमोरून सावकाश पुढे गेली. आतल्या माणसाने आमच्याकडे बघून हातसुद्धा केला. मग ती शेताला वळसा घालून काशिनाथच्या अंगणात जाऊन थांबली.

आधी आम्हाला वाटलं, रस्ता विचारायला थांबले असतील. पण माणसं उतरली. पायताणं काढली. आत गेली. काही वेळाने काशिनाथची बायको चहाचा ट्रे घेऊन जाताना दिसली.

भाऊजी म्हणाले, काशिनाथला तर मुलगीच नाही, मग हे बघताहेत कुणाला? सुमनताई म्हणाल्या, त्याने पाहुणे पळवले. हे म्हणाले, पोहे गार होतायत. एवढ्यात आतून प्रणालीने मला हाक मारली आणि मोबाईल दाखवला. किरणचा मेसेज होता: 'तुमच्या घरी बसलोय. तू कुठंयस?' तिने लिहिलं होतं: 'घरीच आहे.' त्याचं उत्तर: 'कुठल्या खोलीत?' तिने विचारलं: 'तू कुठल्या घरात आहेस?' तो म्हणाला: 'फोटोतल्या.'

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला, पण फारच हळू. किरणने प्रणालीला शंभरदा बघितलं होतं, तिचं घर एकदाही नाही. मध्यस्थ बरोबर आला नव्हता, आणि बाकीच्यांनी फोटो हाच पत्ता धरला होता. भात कापून झालेलं, शेत ओळखू येत नव्हतं. प्रणाली तर त्यांना फोटोतही नीट ओळखू आली नव्हती. ओळखू येण्यासारखं त्या फोटोत एकच होतं, आणि ते निळं आणि दुमजली होतं.

पाहुण्यांना आणायला कुणी जायचं, हा प्रश्न आला. भाऊजी म्हणाले, मेलो तरी त्या अंगणात पाय टाकणार नाही. सुमनताई रडायला लागल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फोटो मी काढला होता, शिवाय म्हशीच्या भांडणात माझं कुणी काही खाल्लेलं नव्हतं.

मी काशिनाथच्या ओटीवर पोचले. किरणचे वडील पांढऱ्या टोपीत ताठ बसले होते. किरण खाली बघून बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करत होता. आणि काशिनाथच्या हातात माझा फोटो होता, वहीएवढा मोठा करून आणलेला.

"ह्या कोनी काढला?" काशिनाथने विचारलं.

"मी," मी म्हटलं. खरं सांगते, त्याही परिस्थितीत मला जरा बरं वाटलं.

"माझा घर दाखवून यांची पोरगी देताय का तुमी?"

किरणचे वडील माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या मनात काय आलंय ते लख्ख दिसत होतं. मी घाईघाईने समजावायला घेतलं. म्हटलं, तसं नाही हो, ही शिकण्याची गोष्ट आहे. मुख्य गोष्ट मधे ठेवायचीच नसते, ती कडेला ठेवायची. ही बांधाची रेषा बघा, हिच्यावरून नजर चालत जाते आणि... मी फोटोवर बोट ठेवलं आणि बांधावरून चालवत नेलं. बोट प्रणालीच्या बाजूने गेलं, पुढे गेलं, आणि काशिनाथच्या दारात जाऊन थांबलं. मी ते तेव्हा पहिल्यांदाच बघत होते.

"म्हंजे ह्या मुद्दाम केलाव," किरणचे वडील म्हणाले.

"मुद्दाम म्हणजे?" मी दुखावल्या सुरात म्हटलं. "चांगला तासभर विचार करून केलंय!"

ते उठले. टोपी सारखी केली. "आमी गरीब असू, पन असली फसवणूक नाय चालत आमाला. चल रे किरण."

पोरीने सगळ्या जगात एकट्या मला विश्वासाने सांगितलं होतं, आणि मी तिला उजव्या कोपऱ्यात उभं करून तिचं लग्न मोडलं होतं. तीन भाग, रेषा, रिकामी जागा, सगळ्याचा मला इतका राग आला की समोर कॅमेरा असता तर विहिरीत टाकला असता. किरण वडिलांच्या मागे पायऱ्या उतरला.

तेवढ्यात कापलेल्या शेतातून प्रणाली आली. नटलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पोह्यांचा ट्रे. बांध सोडून सरळ आडवी चालत आली. अंगणात येऊन धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "किरण, जीपमधी बसलास ना, तर याद राख."

किरणच्या वडिलांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग किरणकडे.

"ही तुला अरे-तुरे कशी करते रे?"

किरणने पोह्यांकडे बघितलं. मग फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "बाबा, मी वळखतो हिला. लय दिवस झाले."

"मंग माझ्याकडून फोटो कशापायी मागवलास रे?"

"तुमीच बोललाव, फोटो बघितल्याबिगर पाऊल नाय उचलणार."

वडील पुन्हा पायरीवर बसले. फसवणूक हा शब्द त्यांनी नुकताच एवढ्या मोठ्याने उच्चारला होता, की आता तो परत घ्यावा की मुलाला द्यावा हे त्यांना कळेना. बराच वेळ त्यांनी प्रणालीला न्याहाळलं. मग तिच्याकडून पोह्यांची बशी घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, इतकी चांगली पोरगी हाय. ती जरा फोटोत घ्यायची नाय का?"

काशिनाथ हसला. मग त्याने शेताकडे बघितलं. अलीकडच्या टोकाला, अंगणाबाहेर, भाऊजी उभे होते. पोरीच्या मागे धावत तिथवर आलेले, आणि तिथून पुढे पाय उचलत नव्हता. काशिनाथ ओटीच्या काठाशी गेला. "ती म्हस कवाच गेली रे," तो ओरडला. "पोरीचे पोहे गार होतील. ये आता."

भाऊजी आले. मला रडू आलं. काशिनाथच्या बायकोने मला पाणी दिलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर प्रणालीचं झालं, आणि काशिनाथच्याच अंगणात झालं, कारण मांडव तिथेच मोठा बसत होता. लग्नात माझा काय मान राखला म्हणून सांगू! सकाळपासून सुमनताईंनी ओवाळणीचं तबक माझ्याच हातात दिलं. ते ठेवते न ठेवते तोच अक्षतांची परात. परात संपते तोच पुन्हा तबक. मामीशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही म्हणे. मी नुसती फुलून गेले होते.

अंतरपाट धरला आणि वरच्या पत्र्याच्या फटीतून ऊन थेट प्रणालीच्या चेहऱ्यावर पडलं. असं ऊन पुन्हा मिळत नाही. कॅमेरा पिशवीत होता, पिशवी खुर्चीखाली. मी यांना म्हटलं, दोन मिनिटं तबक धरा. हे म्हणाले, ताईने सक्त मनाई केली आहे. काशिनाथच्या बायकोला विचारलं, ती हसून दुसरीकडे बघायला लागली. भाऊजींनी विचारायच्या आतच मान हलवली. तबक घेऊन मी अख्खा मांडव फिरले, एकही माणूस हात पुढे करेना.

शेवटी किरणचे वडील दिसले. भला माणूस. म्हणाले, "दमल्या का मामी?" मी म्हटलं, हो हो, जरा धरता का हे? त्यांनी तबकाकडे बघितलं, माझ्या खुर्चीखालच्या पिशवीकडे बघितलं, आणि सावकाश दोन्ही हात पाठीमागे बांधले.