भाऊसोचं पाऊल

भाऊसोचे दोन पाय एकमेकांना ओळखत नाहीत, असं सगळी वाडी म्हणायची. आणि वाडी काही उगाच म्हणत नव्हती. चालायला लागला की भाऊसो दिवसभर मेंढरांमागं चालेल, माळ तुडवील, ओढे ओलांडील. पण ढोल वाजला की त्याचा उजवा पाय एकीकडं जायचा आणि डावा तिथंच विचार करत उभा राहायचा.

दुसऱ्या कुठल्या गावात हे खपून गेलं असतं. पण जतच्या पूर्वेला, जिथं मराठी बोलता बोलता माणूस कानडीत कधी शिरतो ते त्याचं त्यालाच कळत नाही, तिथल्या माळावरची ही धनगरांची वाडी. ज्वारी आली तर आली. मेंढरं होती, बिरोबा होता आणि पौषातली बिरोबाची जत्रा होती. जत्रेच्या सकाळी देवापुढं गजी नाचायची. मधे मोठा ढोल, भोवती पुरुषांचं रिंगण. अंगात पांढरे पायघोळ अंगरखे, डोक्याला पटका, दोन्ही हातांत रुमाल. ढोल घुमला की सगळ्यांनी एकदम पुढं, एकदम मागं आणि एकदम गिरकी. हे ‘एकदम’ भाऊसोला जन्मात जमलं नाही.

मिसरूड फुटलं तेव्हा एकदा तालमीत उभा राहिला होता. सगळे उजवीकडं वळले, हा डावीकडं वळला आणि शेजारच्या कोंडीबाच्या नाकावर जाऊन आदळला. कोंडीबा पुढं गजीचा म्होरक्या झाला, देवाची छत्री धरायला लागला, पण नाक काही सरळ झालं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, अशातला भाऊसो नव्हता. त्यानं अंगणाला बोल लावला नाही, ढोलालाही नाही. मुकाट्यानं उठून विस्तवाजवळ जाऊन बसला, तो तीस हिवाळे तिथंच बसला.

विस्तवाचं काम वाटतं तेवढं सोपं नसतं. पौषातल्या सकाळी माळावर दव पडतं, त्यानं ढोलाचं कातडं सैल होतं आणि आवाज बसतो. म्हणून गजीला ढोल लागतात दोन. एक वाजत असतो, दुसरा निखाऱ्यावर शेकत असतो. पहिल्याचा आवाज बसला की दुसरा द्यायचा. ऊब कमी पडली तर ढोल बोलत नाही, जास्त झाली तर कातडं करपतं आणि जत्रेचा विचका होतो. बाभळीच्या काटक्यांचा निखारा करून भाऊसो ढोल धरायचा, तळवा कातड्यावरून फिरवायचा आणि बोटानं एकदा टिचकी मारून द्यायचा. ढोल वाजवायचा आकाराम. तो म्हणायचा की भाऊसोनं दिलेला ढोल हातात आला की वाजवणाऱ्याला काही करावं लागत नाही. इतक्या हिवाळ्यांत भाऊसोच्या हातून एकही कातडं करपलं नव्हतं आणि याचा त्याला लय अभिमान होता. का असू नये? माणसाला एक तरी गोष्ट नीट आली की पुरते.

आता या गजीची एक रीत होती. रिंगणातली जागा माणसाची नसायची, घराची असायची. घरातून एक पुरुष उभा राहायचा. देवापुढच्या रिंगणात खिंडार चालत नाही. तेव्हा एखाद्या घरचं कुणी आलं नाही तर दुसऱ्या घरचा माणूस तिथं उभा करत. त्याच्या कपाळाला भंडारा लागला की ती जागा त्या घरची झाली, ती पुन्हा परत मिळत नसे. भाऊसोच्या घरची जागा त्याच्या थोरल्या भावानं सांभाळली. तो पटकीच्या साथीत गेला आणि त्याच्यामागं उभा राहिला भाऊसोचा एकुलता एक पोरगा, ज्ञानू.

बापाचे पाय असे, आणि पोराचे? ज्ञानू नाचायला लागला की बायाबापड्या हातातली भाकरी खायची विसरत. भाऊसो विस्तवाजवळ बसून रिंगणाकडं बघायचा, पण त्याला सगळ्या रिंगणात दोनच पाय दिसायचे. कोंडीबा चिडवायचा, की देवानं तुझ्या वाटणीचा तालही पोरालाच दिला. भाऊसोला हे बोलणं गुळाहून गोड लागायचं.

बेचाळीस साली पाऊस रुसला आणि लढाईची भरती जोरात होती. मेंढरं निम्मी झाली होती. ज्ञानूनं घरात एका शब्दानं विचारलं नाही; मिरजेला गेला आणि फौजेत नाव घालून आला. जत्रा होईतो थांबला, देवापुढं नाचला आणि अंगरखा आईच्या हातात देऊन गेला. तो इटलीच्या मुलखात आहे, एवढंच पुढं सुट्टीवर आलेल्या एका शिपायाकडून कळलं. इटली कुठं हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तानुबाईनं, ज्ञानूच्या आईनं, एवढंच विचारलं की तिथं थंडी असते का.

पुढची दिवाळी झाली. मेंढरं चाऱ्याला पश्चिमेकडं, कृष्णाकाठी न्यायची वेळ आली तेव्हा कोंडीबा भाऊसोच्या दारात येऊन बसला. यंदा ज्ञानूच्या जागी कोण, हे ठरवायला हवं होतं. वाडीतल्या जोतिबाचा धाकटा पोरगा तयार होता, पाय चांगला होता. कोंडीबाच्या मनात वाकडं काही नव्हतं. वाकडं होतं ते नाकच. पण रीत ती रीत.

तेव्हा चुलीजवळून तानुबाई बोलली. ती चारचौघांत सहसा बोलत नसे.

“पोरगं जित्तं हाय तिकडं,” ती म्हणाली. “त्येची जागा दुसऱ्याला दिली तर त्यो न्हाईच आसं हुईल. मी न्हाई दिऊ देणार.”

“आवं वहिनी, मग उभा कोण ऱ्हाणार?”

“मी ऱ्हातो,” भाऊसो म्हणाला.

कोंडीबाचा हात आपोआप नाकाकडं गेला. पण नाही म्हणायला रीतीत जागा नव्हती. घरचा पुरुष उभा राहत होता.

त्या वर्षी मेंढरांचा वाडा पलूसच्या शिवारात बसला. सकाळी मेंढरं चरायला सुटली की भाऊसो बांधावर उभा राहायचा आणि तानुबाई पितळी उपडी घालून बोटांनी ताल धरायची. धागीन धागीन करत बाई बिचारी वैतागून जायची. पुढं जायचं जमलं, मागं यायचं जमलं. गिरकी जमेना. डावा पाय ऐन वेळी जमिनीला धरून बसायचा आणि ताल पुढं निघून गेल्यावर वळायचा. मेंढरं चरायची थांबून त्याच्याकडं बघत. पलूसचे शेतकरी ऊस तोडता तोडता बघत आणि धनगराला काय झालंय म्हणून एकमेकांना विचारत. भाऊसोला लाज वाटायची, खूप वाटायची. पण थांबला तर जागा जाते, हे त्याला कळत होतं. पायांना तेवढं कळत नव्हतं.

जत्रेसाठी सगळे वाडीवर परतले आणि जत्रेची सकाळ उजाडली. ज्ञानूचा अंगरखा बापाला आखूड झाला होता. विस्तवाजवळ त्या वर्षी कुणी बसावं? जोतिबा आपणहून बसला. पोराची जागा हुकली म्हणून धुसफूस करील असं लोकांना वाटलं होतं, तर तो म्हणाला, तू तुझं पाऊल संभाळ, मी निखारा संभाळतो. कोंडीबानं छत्री उघडली, चांगभलं झालं, भंडारा उधळला आणि आकारामनं ढोलावर हात टाकला.

पुढं गेले, मागं आले. गिरकी आली. सगळे वळले आणि भाऊसो राहिला. एक पाऊल मागं पडला आणि मग वळला. मागच्याचा त्याला धक्का लागला, रिंगण हललं. दुसऱ्या फेरीलाही तेच. गर्दीत कुणीतरी हसलं. भाऊसोचं तोंड उतरलं. जागा राखायला आलो आणि घराण्याचं हसं केलं, असं त्याला झालं. पण रिंगण धरलं की ढोल थांबेपर्यंत सोडता येत नाही.

तिसऱ्या फेरीला आकारामनं एक गोष्ट केली. गिरकीच्या ऐन ठोक्याला त्यानं हात वरच धरला. एक ठोका मोकळा सोडला. ढोल गप्प, पोरं एक पाय उचलून तशीच अधांतरी, आणि तेवढ्या वेळात भाऊसोचा डावा पाय सुटला. मग ठोका पडला आणि सगळे एकदम वळले. भाऊसोसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा ‘एकदम’ झालं होतं.

आकारामनं ढोल थांबेपर्यंत प्रत्येक गिरकीला तो ठोका सोडला. बघणाऱ्यांना यातलं काय कळणार? त्यांना वाटलं, वाडीनं यंदा काहीतरी नवीन बसवलंय. सगळी गजी क्षणभर श्वास धरून उभी राहते आणि मग पांढरे घेर एकदम फिरतात, हे लोकांना फार आवडलं. पुढच्या वर्षी शेजारच्या गावची गजीवाली माणसं मुद्दाम बघायला आली. ही गिरकी कुणी शिकवली म्हणून विचारलं, तर कोंडीबानं नाक चोळत गंभीरपणे भाऊसोकडं बोट दाखवलं. वाडीनं त्याला नाव दिलं भाऊसोचं पाऊल. पोरं तालमीत ते घोकायला लागली. ज्याला शिकवून गाव थकलं, त्याची चूक गाव शिकलं.

असे तीन हिवाळे गेले. लढाई संपली आणि एका दुपारी जतहून आलेल्या बैलगाडीतून ज्ञानू उतरला. अंगात खाकी कोट, हातात काठी. डाव्या गुडघ्यात सुरुंगाचं लोखंड शिरलं होतं. लोखंड काढलं, पण गुडघा वाकत नव्हता. तानुबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पायाकडं बघितलंच नाही. पोरगं जिवंत आलं यातच ती भरून पावली होती. भाऊसोही पावला होता. पण पोरगा आल्यापासून ढोलाचं नाव काढत नव्हता, आणि ते बापाला खुपत होतं. जत्रा आठवड्यावर आली तेव्हा ज्ञानू एवढंच म्हणाला की जागा आता जोतिबाच्या पोराला देऊन टाका. तुमचं वय झालं, आणि माझा तर पायच गेला.

जत्रेच्या सकाळी अंगरखा घालून भाऊसोच रिंगणात गेला. ज्ञानू काठी टेकत आला आणि बापाच्या जुन्या जागी, विस्तवाजवळ बसला. निखारा त्यानं चांगला केला. कातड्यावर तळवा फिरवणं लहानपणापासून बघितलेलं होतं.

ऊन वर यायच्या आधी आकारामचा ढोल बसला. ढोल बदलताना रिंगण थांबतं आणि तेवढ्याच वेळात घरचा माणूस घरच्या माणसाला रुमाल देऊन बाहेर पडू शकतो. भाऊसो सरळ विस्तवाजवळ आला. ज्ञानूनं शेकलेला ढोल पुढं केला. तो भाऊसोनं एका पोराकरवी आकारामकडं पोचवला, बसलेला ढोल आपल्याकडं घेतला आणि हातातले दोन्ही रुमाल पोराच्या मांडीवर ठेवले.

“ऊठ. तुजी जागा हाय. मी नुसती राखली हुती.”

ज्ञानूनं मान हलवली. “पाय वळत न्हाई, आबा.”

“माजा तरी कवा वळला हुता?” भाऊसो म्हणाला.

ज्ञानू बापाकडं बघत राहिला. मग काठी बाजूला टाकली, बापाच्या खांद्याला धरून उठला आणि खाकी कोटासकट रिंगणात जाऊन उभा राहिला. कोंडीबानं त्या कोटाकडं बघितलं, आणि पोराच्या कपाळाला भंडारा लावला.

ढोल घुमला. पुढं जाताना पोरगं लंगडलं, मागं येताना लंगडलं. गिरकी आली. तीन हिवाळ्यांच्या सवयीनं आकारामचा हात वर राहिला, सगळी गजी पाय उचलून थांबली, आणि त्या मोकळ्या ठोक्यात ज्ञानूनं तो ताठ पाय ओढला, टाच रोवली आणि सगळ्यांबरोबर वळला.

भाऊसो रडला. डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलावं असंही त्याला वाटलं नाही. ढोल निखाऱ्यावर धरून तो त्या दोन पायांकडं बघत राहिला आणि तळवा फिरवायचं विसरला. वास पहिल्यांदा मागं उभ्या असलेल्या तानुबाईला आला.

“आवं, ढोल करपतोय,” ती म्हणाली.

“करपू दे,” भाऊसो म्हणाला, पण ढोल तेवढा बाजूला घेतला.